प्रोनसाठी आरामदायी स्लिंग कुठला? दहा मिनिटांत बोटं बधिर होतात

झेरॉक्सवाली_डिचोली

नमस्कार मंडळी. थेट मुद्द्यावर येते, साडेतीनला दुकान उघडायचंय.

डिचोलीत माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. वय ४३. कॉलेजात एनसीसीला असताना पॉइंट टू-टू रायफल मारली होती, पालथं पडून. मग वीस वर्षं काहीच नाही. तीन वर्षांपूर्वी मुलाला १० मीटर एअर रायफलला घातलं. सहा महिन्यांत तो कंटाळला, गिटारकडे वळला आणि रायफल माझ्या गळ्यात पडली. पडली ती पडलीच.

आता डोक्यात ५० मीटर प्रोन, म्हणजे पालथं पडून मारायचा प्रकार, शिरलंय. बहीण पुण्याला असते. वर्षातून तीन-चारदा तिच्याकडे जाते, तेव्हा बालेवाडीच्या शूटिंग रेंजवर ओळखीतल्या एका ज्येष्ठ नेमबाजांच्या रायफलवर, त्यांच्या देखरेखीखाली मारते. एरवी घरीच. एअर रायफलच्या रेलला, म्हणजे खालच्या पट्टीला, हँडस्टॉप (डावा पंजा जिथे अडतो आणि स्लिंग जिथे अडकतो तो तुकडा) बसवलेला आहे आणि हॉलमध्ये नुसती ड्राय प्रॅक्टिस, गोळीशिवाय, करते. दुपारी एक ते साडेतीन दुकान बंद असतं, अख्खी डिचोली झोपलेली असते, तेव्हा मी फरशीवर पालथी.

मुलगा म्हणतो, प्रोन तर ऑलिंपिकमधून काढून टाकलंय, मग कशाला? त्याला म्हटलं, मला कोण पाठवतंय ऑलिंपिकला!

अडचण स्लिंगची आहे, म्हणजे दंडाला बांधून रायफलला अडकवायच्या पट्ट्याची. १० मीटरला उभ्याने मारायचं, तिथे स्लिंग चालतच नाही, त्यामुळे मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. ऑनलाइन एक चामड्याचा मागवला. फोटोत दोन बकलं होती, आला एका बकलाचा. फोन केला तर म्हणे, मॅडम हाच चांगला. असो. तो लावून दहा मिनिटं झाली की डाव्या हाताची बोटं बधिर होतात. दंडावर वळ उठतात, पंजाच्या मागेही उठतात. परवा नवऱ्याने वळ बघितले आणि विचारलं, दुकानात कुणाशी मारामारी केलीस काय? शिवाय पीप साइटमधून, म्हणजे नेम धरायच्या बारीक भोकातून, बघताना काळा गोल जागेवर राहत नाही, टिक-टिक करत उडतो. तो माझाच ठोका आहे हे कळायला मला आठवडा लागला.

तर प्रश्न असा. चामड्याचाच पण भारीतला घ्यावा, की सिंथेटिक? का सरळ मुलाच्या गिटारचा पट्टा घेऊ? तो चांगला पाच सेंटीमीटर रुंद आहे, आतून फोम आहे, खांद्याला मऊ लागतो. म्हापशाला बॅगा शिवणारा आहे, तो हुक बसवून देईल.

---

आजऱ्याचा_पालथा

ताई, खरेदीचं नंतर. आधी एवढं सांगा:

बधिर होणारी बोटं नेमकी कुठली? स्लिंग कशावर लावता, जॅकेटवर की नुसत्या कपड्यांवर? कोपराखाली काय असतं? हँडस्टॉप रेलवर कुठे आहे आणि तुमची उंची किती? आणि पुण्याला मारता तेव्हा ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या गोळ्यांचा पुंजका, कुठल्या बाजूला पसरतो?

गिटारला हात लावू नका. कारण नंतर सांगतो.

---

निवृत्त_हवालदार_सत्तरी

मी पायदळात होतो. आम्हाला सुती पट्टा होता, खाकी. दंडाला पीळ मारायचा, कोपर मुरमात रोवायचं आणि मारायचं. मऊ पाहिजे की कडक, असं आम्हाला कुणी विचारलं नाही. दुखतंय म्हणजे नीट लागलाय. पंधरा दिवसांत सवय होईल. रडायचं नाही.

---

झेरॉक्सवाली_डिचोली

हवालदार काका, रडत नाही हो, विचारतेय.

आजरेकर दादा, तुमची उत्तरं. बोटं म्हणजे करंगळी आणि तिच्या शेजारचं. बाकीची तीन ठीक असतात. स्लिंग टी-शर्टवर लावते. जॅकेट आहे, पण मे महिन्यात डिचोलीत दुपारी दोन वाजता कॅनव्हासचं जॅकेट घालून बघा एकदा! कोपराखाली फरशी, तिच्यावर दुहेरी चादर. हँडस्टॉप रेलच्या अगदी पुढच्या टोकाला आहे. ज्यांच्याकडून रायफल घेतली त्यांनी तिथेच ठेवला होता, मी हलवला नाही. उंची पाच फूट एक इंच. (हसू नये.) पुण्याला पहिले दहा-बारा शॉट बरे जातात, मग ग्रुप हळूहळू सहा वाजताच्या दिशेला, म्हणजे खाली, ओघळतो. एकदा १०.३ गुणांवरून ९.४ वर आले आणि मला वाटलं काडतुसं खराब आहेत.

आणखी एक कबुली. पट्टा कडक होता म्हणून खोबरेल चोळलं. दोनदा.

---

आजऱ्याचा_पालथा

करंगळी आणि अनामिका म्हणालात तिथेच निम्मं उत्तर मिळालं.

या दोन बोटांकडे जाणारी नस कोपराच्या आतल्या हाडामागून जाते. दाराच्या कडेला कोपर आपटलं की झिणझिण्या येतात ना, तीच ती. तुमचं कोपर फरशीवर, त्यावर अर्ध्या अंगाचा भार आणि वरून रायफल. शिवाय हात दुमडला की ती नस आधीच ताणलेली असते. हे स्लिंगचं दुखणं नाहीच. दहा हजारांचा स्लिंग आणलात तरी करंगळी झोपणारच. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर झालं असतं तर मी मनगट आणि हँडस्टॉप बघा म्हटलं असतं. सगळा पंजा जांभळा पडला असता तर पट्टा नुसता आवळलाय म्हणालो असतो. रेंजवर कुणी ‘हात बधिर होतो’ म्हणालं की मी आधी बोटं विचारतो, ते यासाठी.

तेव्हा आधी शूटिंग मॅट घ्या, नाहीतर जाड रबराचा तुकडा. योगाची मॅट असेल तर चौघडी करा. कोपराच्या आतल्या हाडावर भार येऊ देऊ नका, दंड किंचित फिरवून टेकवा. जॅकेटच्या कोपराला रबर लावलेलं असतं ते शोभेसाठी नाही.

आता जॅकेट. टी-शर्टवर लावलेल्या स्लिंगवरून कुठलाच निष्कर्ष काढता येत नाही. जॅकेटच्या कडक कापडामुळे पट्ट्याचा दाब पसरतो, टी-शर्टवर तो तसाच कातडीत रुततो. आणि घरी टी-शर्टवर पाचव्या भोकात बसवलेला स्लिंग पुण्याला जॅकेटवर चुकणारच, कारण बाहीमुळे दंडाचा घेर वाढतो. गरम होतं हे मान्य. पहाटे करा, पंखा लावा, वीसच मिनिटं करा. पण जॅकेट आणि ग्लोव्ह घालूनच.

ठोका उडतोय तो आतल्या बाजूने. दंडाच्या आतून, काखेकडून कोपराकडे मोठी धमनी जाते. बीपी मोजताना डॉक्टर दाबतात तीच. एका बकलाचा पट्टा फिरून ओढ आतल्या बाजूला गेली की ठोका पट्ट्यातून हँडस्टॉपला आणि तिथून थेट नळीला पोचतो. पट्टा असा लावा की ओढ दंडाच्या बाहेरून, थोडी मागूनच निघेल. खांद्याचा गोल स्नायू संपतो तिथे दंडाला एक खळगा असतो, पट्टा तिथे बसवा. दंडाच्या ऐन फुगीर भागावर नको. तिथून पट्टा हाताच्या बाहेरून खाली येतो, त्याला अर्धा पीळ द्या म्हणजे पंजाच्या मागे तो सपाट पडेल, कडेवर उभा राहणार नाही. तुमच्या पंजामागचे वळ त्या कडेचे आहेत.

ग्रुप खाली ओघळतो म्हणजे काडतुसांना दोष नको. पट्टा दंडावरून कोपराकडे घसरतोय. घसरला की ढिला पडतो, ढिला पडला की रायफल बसते. जॅकेटच्या डाव्या बाहीवर बाहेरून एक हुक किंवा बटण असेल, ते पट्टा घसरू नये म्हणूनच असतं. नियमात असं एकच चालतं. तुमच्या जॅकेटला आहे का बघा. बहुधा असणार आणि तुम्ही त्याला जॅकेट अडकवायचं काहीतरी समजला असाल. मी समजलो होतो.

हँडस्टॉप. ज्यांची रायफल होती ते सहा फुटी असणार. तुमचा हात पुढे ताणला जातो, मग पंजा लाकडाखाली निवांत पडत नाही, हँडस्टॉपला लटकतो. शिवाय हात जितका पुढे तितका तो जमिनीकडे झुकतो, आणि डाव्या हाताच्या पुढच्या भागाचा जमिनीशी कोन ३० अंशांपेक्षा कमी चालत नाही. स्पर्धेत मोजतात. हँडस्टॉप दोन-तीन बोटं मागे घ्या. मागे घेतलात की कोपर जास्त दुमडेल आणि स्लिंग आखूड करावा लागेल. एक हलवलं की दुसरं हलवायचंच, नाहीतर दोन दिवस डोकं धरून बसाल.

आता लांबी, ती सावकाश ठरवा. जॅकेट घालून स्लिंग मुद्दाम ढिला लावा. रायफल खांद्याला घ्या. डाव्या पंजाची बोटं मोकळी सोडा, लाकूड पकडायचं नाही. रायफल खाली बसेल. उठा, एक भोक आवळा, पुन्हा पडा. असं करत या. एका भोकाला अशी गंमत होते की तुम्ही हात पूर्ण सोडता आणि रायफल हवेत तशीच राहते, जणू कुणी खालून वीट लावलीय. तिथे थांबा. डोळे मिटा, तीन श्वास घ्या, उघडा. साइट टार्गेटपासून बाजूला गेली असेल तर हाताने ओढू नका, डाव्या कोपरावर अख्खं अंग फिरवा. त्यापुढचं भोक मोहात पाडतं, कारण आणखी घट्ट वाटतं. तिथे गेलात की बट, म्हणजे रायफलचं मागचं टोक, खांद्यात कोंबावा लागतो आणि ठोका दुप्पट होतो. मी दोन वर्षं त्या पुढच्या भोकावर मारत होतो. घट्ट म्हणजे चांगलं, असं मलाही हवालदार काकांसारख्याच एकाने सांगितलं होतं.

५० मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, शर्टाच्या बटणाएवढं. ६० शॉट, ५० मिनिटं, वर सायटरची, म्हणजे आधीच्या सरावाच्या शॉटची, १५ मिनिटं. तेवढा वेळ सहन करून नाही होत.

गिटारचं कारण: स्लिंगची रुंदी जास्तीत जास्त ४० मिलिमीटर. तुमचा पट्टा ५० चा, म्हणजे स्पर्धेच्या इक्विपमेंट कंट्रोलमध्ये, साहित्य तपासतात तिथूनच, परत. आणि आतला फोम प्रत्येक शॉटला दबून थोडा वेगळा उसळेल. खांद्याला मऊ लागणं हा गिटारचा गुण आहे. स्लिंग ताणला न जाणारा हवा. मऊपणा जॅकेट आणि ग्लोव्हने द्यायचा.

आणि बधिरपणा उठल्यावर पाच-दहा मिनिटांत गेला नाही, किंवा मनगट उचलायला जड वाटलं, तर स्लिंगचा विचार सोडून डॉक्टरकडे जा.

मुलाला सांगा, रिओ २०१६ नंतर प्रोन वेगळी स्पर्धा म्हणून ऑलिंपिकला नाही हे खरं, पण थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभ्याने) निलिंगनंतर, म्हणजे गुडघ्यावरच्या भागानंतर, प्रोनच असतं. आमच्या कोल्हापूरचा स्वप्निल कुसाळे २०२४ ला पॅरिसहून कांस्य घेऊन आला ते त्यातच. आणि तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकला जगज्जेत्या झाल्या त्या तर निव्वळ ५० मीटर प्रोनमध्ये.

---

निवृत्त_हवालदार_सत्तरी

आजरेकर, लेख पूर्ण वाचला. माझी डाव्या हाताची करंगळी अजून थंडीत झिणझिणते. मला वाटायचं वय झालं. मुरमात कोपर आम्ही बावीस वर्षं रोवलं.

ताई, मॅट घ्या.

---

म्हापशेकार_चष्मेवाला

अगो बाय माझे, खोबरेल!

चामड्यावर मी बोलतो, माझा त्यात जीव अडकला होता. आठ वर्षं चामड्याचा वापरला. चामडं हाताला गोड लागतं, दंडाचा आकार घेतं, आवाज करत नाही, सगळं खरं. पण आमच्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या लग्नाच्या बुटांवर बुरशी येते, तिथे स्लिंग कसा सुटेल? दर रविवारी कोरड्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. एवढं करूनही पावसाळ्यात तो वाढायचा. जूनमध्ये सहाव्या भोकात, ऑगस्टमध्ये पाचव्यात. मला आधी वाटलं मीच बारीक झालो. बायकोने वजनकाटा दाखवला.

तेल लावलं की तर संपलंच. दोनदा खोबरेल प्यायलेला पट्टा पोटातून सैल होतो. तुमच्या पट्ट्याची भोकं उजेडात धरून बघा, गोल आहेत की अंड्यासारखी लांबट? लांबट असतील तर तो स्लिंग आता घोड्याला लावा. प्रत्येक शॉटला पिन त्या लांबट भोकात मागे-पुढे होत असते.

दोन वर्षांपूर्वी सिंथेटिक घेतला. पहिला महिना नकोसा वाटला, प्लास्टिकच्या पाटीसारखा. पण भोकांना छापील नंबर आहेत आणि जूनचा सात ऑगस्टमध्येही सातच असतो. घ्यायचा तर भोकांचा घ्या. नुसती नायलॉनची पट्टी बकलात ओढून अडकवायची असते तो नको, घामाने ओली झाली की अर्धा सेंटीमीटर हळूच सरकते आणि आपल्याला पत्ता नसतो. दंडाभोवतीचा भाग बाहीवर सगळीकडून सारखा टेकणारा बघा, तुमच्यासारखा एका बाजूने चिमटा काढणारा नको. आणि पुढचं टोक एका बोटाने हँडस्टॉपमधून सुटणारं असावं. ही चैन वाटते, पण दर पंधरा-वीस शॉटनंतर दंडाचा पट्टा न हलवता नुसतं पुढून सोडायचं, मूठ चारदा उघडमीट करायची, परत अडकवायचं. हाताला रक्त मिळतं आणि जागा बदलत नाही.

शक्य असेल तर घ्यायच्या आधी कुणाचा तरी लावून बघा. शनिवारी म्हापशाला येणार असाल तर माझा घेऊन येतो. जॅकेट आणा. दुकानात काउंटरमागे जागा आहे, पालथं पडता येतं. गिऱ्हाइकांना सवय आहे.

---

झेरॉक्सवाली_डिचोली

तीन आठवडे झाले, आता लिहिते.

दुसऱ्याच दिवशी मॅट नव्हती म्हणून दुकानातल्या झेरॉक्स मशीनखालचं जाड रबर काढलं. (मशीन आता थोडं थरथरतं.) जॅकेट घातलं, पहाटे साडेपाचला पडले. पंचवीस मिनिटं. करंगळी जागी! मी उठून नवऱ्याला उठवलं आणि करंगळी हलवून दाखवली. तो म्हणाला, बरं, आणि परत झोपला.

जॅकेटच्या बाहीवर खरंच हुक होता. मी त्याला इतके दिवस घाम पुसायचा रुमाल अडकवत होते.

हँडस्टॉप मागे घेतला तर आधी सगळंच बिघडलं, रायफल छताकडे बघायला लागली. मग कळलं की स्लिंग तेवढाच लांब ठेवला होता आणि अंगही तसंच आडवं होतं. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. भोकांचा प्रकार म्हापशेकार दादांच्या सिंथेटिकवर केला, चष्म्यांच्या काउंटरमागे. आठव्या भोकाला ते ‘खालून वीट’ झालं. एकदम झालं. मी डावा पंजा उघडला आणि रायफल राहिली. एक आजी चष्मा घ्यायला आल्या होत्या, त्यांनी वाकून बघितलं आणि विचारलं, बाई पडली काय रे? मला हसू आलं आणि साइट गेली गोव्याबाहेर.

नववं भोकही करून बघितलं. दादा, तुमचं खरं आहे, मोह होतो. पण ठोका परत आला.

सिंथेटिक मागवला, तसाच. आठच्या शेजारी पांढऱ्या पेनाने रेघ मारलीय, रेलवर हँडस्टॉपच्या जागीही मारलीय. गेल्या रविवारी बालेवाडीला ४० शॉट मारले. शेवटच्या दहात ग्रुप ओघळला नाही. एक ९.८ गेला, तो माझाच दोष, ट्रिगर झटक्याने ओढला. ठोका अजून थोडा दिसतो, पण आता नुसता श्वास घेतल्यासारखा.

पंजामागचे वळ गेले. दंडावरचा एक अजून उठतो, जॅकेटच्या बाहीची घडी पट्ट्याखाली येते तिथे. बाही ओढून घ्यायची आठवण राहत नाही.

हवालदार काका, करंगळी डॉक्टरला दाखवलीत का?

---

निवृत्त_हवालदार_सत्तरी

दाखवतो म्हणालो घरी. पुढच्या सोमवारी.

---

आजऱ्याचा_पालथा

झकास. थ्री पोझिशनला गेलात तर निलिंगचं भोक वेगळं निघेल, ते दुसऱ्या रंगाच्या पेनाने लिहा. मी एकदा विसरलो होतो, दहा सायटर कुठे गेले ते अजून सापडले नाहीत.

---

म्हापशेकार_चष्मेवाला

ताई, जुना चामड्याचा टाकणार असाल तर मला द्या. मोचीला बकलं हवी आहेत.

---

झेरॉक्सवाली_डिचोली

घेऊन जा. पण एकच आहे हां. दोन फोटोत होती.